सुतकातली खुर्ची

आई जाऊन आठवडा झाला. भिंगारच्या आमच्या घरी भेटायला येणारे सतरंजीवर बसतात, म्हणून मीही खालीच बसत होतो. माझी कंबर बरीच वर्षं दुखते. फार वेळ खाली बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण सुतकात मुलगाच खुर्चीवर बसला तर कसं दिसेल, असं वाटायचं.

आज सकाळी पारनेरहून आत्या आली. तिला पाणी द्यायला उठलो आणि अर्ध्यातच कंबर धरली. भिंतीचा आधार घेऊन कसाबसा उभा राहिलो.

आत्या म्हणाली, "आरं, खुर्ची घे की! खाली बसून वहिनी माघारी येनार हाय व्हय?"

मी संकोचत खुर्ची आणली. तेवढ्यात शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "मलाबी एक दे बाबा. गुडघं कवाचं ठणकत्यात."

"मग मी काय पाप केलंय?" आत्या म्हणाली.

आठवडाभरात पहिल्यांदाच घरात सगळे हसले. मीसुद्धा.

संध्याकाळी, बंद पडलेले कंबरेचे व्यायाम पुन्हा सुरू केले. थोडेच जमले, पण जमले.

तुमच्याकडेही कुणी असं मुकाट्यानं कळ सोसत खाली बसतं का? खुर्ची हवी का, हे त्यांना आधी कुणी विचारावं, असं तुम्हाला वाटतं?