झुलेखाबीची नासपती

चाकणच्या शनिवारच्या बाजारात झुलेखाबी फळं विकायला बसायची. नवरा कादर सायकली दुरुस्त करायचा आणि आठवड्यातून एकदा झुलेखाबी पुण्याच्या मंडईतून माल आणायची. केळी, पेरू, सीताफळं, असं लोकांच्या ओळखीचंच काहीतरी. पण त्या श्रावणात आडत्यानं गोड बोलून एक नासपतीची पेटी तिच्या गळ्यात मारली. हिरवी, खाली गोल, वर निमुळती फळं. चाकणात कुणी ती फारशी पाहिलेलीही नव्हती.

पहिलं फळ रंगरावांनी उचललं. कांद्याची गाडी घेऊन आलेला गडी, पेरू खावा तसा कचकन चावला आणि गाल धरून खालीच बसला.

"झुलेखाबी, ह्ये फळ हाय का तालमीतलं मुगदल?"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. त्यानंतर दिवसभर पेटीला कुणी हात लावला नाही. शेजारी भाजी विकणारी सुभद्राबाई म्हणाली, "म्हशीपुढं टाक बाई, नाद सोड."

"न्हाई. एवढ्या लांबून आलंय, तर कुनीतरी आवडीनं खात आसंलच की. कसं खात्यात, त्ये मी बघनार."

घरी जाऊन तिनं आंब्यासारखी अढी लावली. गवत पसरलं, फळं मांडली, वर गोणपाट दाबून टाकलं. पाच दिवसांनी उघडून पाहिलं तर वरून फळं ठीक दिसत होती, पण चिरली तर आत चिखलासारखी काळी. कादर म्हणाला, "बास झालं आता." तिनं सडकी फळं बाहेर टाकली. अढीत न मावलेली आठ-दहा फळं स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली होती. त्यातलं एक तिनं चिरलं. ते अजून करकरीतच होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक चिरलं, थोडं बरं निघालं. मग चिरण्याआधी ती प्रत्येक फळ बोटानं चाचपू लागली. तिसऱ्या दिवशी एका फळाच्या देठाजवळ बोट जरासं रुतलं. बाकी साल हिरवी आणि घट्टच. सुरी घातली तसा रस मनगटापर्यंत ओघळला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ही आतून पिकत येते. वरून मऊ लागेपर्यंत थांबलं तर हातची जाते, आणि घाई केली तर दात दुखतात. ऊब नको, झाकण नको, एकाला एक न चिकटवता नुसती मांडून ठेवायची आणि रोज देठाशी दाबून बघायची.

तिनं आपणहून दुसरी पेटी आणली. आडत्या बघतच राहिला. घरात फळ्यांवर, खाटेखाली, जिथं जागा मिळेल तिथं नासपत्या पसरल्या. आठवडाभर एकही विकली नाही. पुढच्या शनिवारी दाबून पारखलेल्या तेवढ्याच टोपलीत घेतल्या, एक-दोन दिवसांत येणाऱ्या थोड्या वेगळ्या घेऊन मागं ठेवल्या.

"रंगराव, येता का?"

"माझी दाढ अजून ठणकतीया!"

त्यांच्या गाडीत त्यांची आई अंबूबाई बसली होती. तोंडात दात नाहीत. केळ्याशिवाय दुसरं फळ तिनं कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. झुलेखाबीनं पातळ फोड कापून तिच्या हातावर ठेवली. म्हातारीनं ती हिरड्यांत धरली, डोळे मिटले आणि गिळून झाल्यावर हात पुन्हा पुढं केला.

"आये, ग्वाड हाय व्हय?" रंगरावांनी विचारलं.

"तू गप. तुला कशातलंच काय कळत न्हाई." अंबूबाईनं अख्खं फळ संपवलं. मग रंगरावांनीही एक फोड तोंडात टाकली. आणि लगेच सहा नासपत्या बांधून घेतल्या.

टोपली दुपारीच रिकामी झाली. तेवढ्यात बबनराव नावाचे गिऱ्हाईक आले आणि मागं उन्हापासून पोत्यानं झाकून ठेवलेल्या कच्च्या मालावर अडून बसले.

"देते, पन आज खायची न्हाई. दोन दिसांनी देठाशी दाबून बघा, मगच चिरा."

"मी पैसे मोजनार, कवा खायचं त्ये तू सांगनार?"

"मग ऱ्हाऊ द्या. कच्ची खायला माझ्याकडून जानार न्हाई."

बबनराव तणतणत निघून गेले. झुलेखाबीनं पोतं पुन्हा नीट पांघरलं.

त्या हंगामात तिनं आणखी चार पेट्या आणल्या. बाजारात पेरूकडंच जास्त हात जायचे, ते तसंच राहिलं. पण वडगावहून, खेडहून माणसं तिचं नाव विचारत यायची, बहुतेक घरातल्या म्हाताऱ्यांसाठी. एकदा सुभद्राबाईनंही फळ मागितलं. झुलेखाबीनं तिचं बोट धरून देठाशी टेकवलं आणि म्हणाली, "दाब. आता सांग, आज का उद्या?"