अकरा गुरुवार

समुपदेशन केंद्राच्या काउंटरवर बसणाऱ्या या बाईंना तिथले सगळे 'कुलूप' म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात, आणि बाई हसतात. त्या ताकास तूर लागू देत नाहीत. केंद्रात येणारं कोणी रस्त्यात भेटलं, तर समोरच्या दुकानाची पाटी वाचत पुढे जातात. सख्ख्या बहिणीची जाऊ सहा महिने केंद्रात येत होती. बहिणीला ते आजतागायत बाईंकडून कळलेलं नाही. नातेवाईक म्हणतात, शिष्ट आहे. मला विचाराल तर त्या शिष्ट नाहीत, पोळलेल्या आहेत.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट, नोकरीचं दुसरं वर्ष. तेव्हा बाई भलत्याच बडबड्या होत्या, जिभेला हाड नव्हतं. दर गुरुवारी चार वाजता एक तरुण आई यायची. पाच मिनिटं आधी येऊन कोपऱ्यात बसायची, पर्स मांडीवर घट्ट धरून. घरी तिनं शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं. बाई तिच्या कार्डावर पुढची तारीख लिहून द्यायच्या. कार्डावर केंद्राचा शिक्का असायचा, येणाऱ्याचं नाव घालायचं नाही, एवढा नियम तेव्हाही होता. अकरा गुरुवार ती आली. अकराव्या वेळी जाताना बाईंकडे बघून चक्क हसली. बाराव्या गुरुवारी आली नाही.

शनिवारी ती चपलांच्या दुकानात दिसली. सात वर्षांच्या लेकीला शाळेचे बूट घालून बघत होती, शेजारी सासूबाई. बाईंना इतका आनंद झाला की त्या लगबगीनं तिच्यापाशी गेल्या.

"अहो, या गुरुवारी आला नाहीत? बरं आहे ना?"

"गुरुवारी कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी जीभ चावली, पण उशिरा. "चुकलंच माझं. मला वाटलं दुसरंच कोणी."

"गुरुवारी ती शिवणाच्या क्लासला असते," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही शिवण शिकवता का?"

बाई काहीतरी पुटपुटून बाहेर पडल्या. ती आई लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर ती केंद्रात आलीच नाही. फोन करावा तर घरी तो सासूबाईच उचलायच्या. तिच्याशी आत बोलणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काही कळलं का हो?" बाई म्हणाल्या, "नाही." दुकानातलं सांगितलं असतं तर मॅडमनी काही मार्ग काढला असता, निदान धडपड केली असती. पण नोकरी जाईल या भीतीनं बाई मूग गिळून बसल्या. चार महिन्यांनी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, अल्पशा आजाराने.

तेव्हापासून गुरुवारचे चार वाजले की बाई कोपऱ्याकडे बघत नाहीत. रिकामा असला तरी नाही, कोणी बसलेलं असलं तरी नाही. पुढे मॅडम वारल्या. दहा वर्षांनी कागद नष्ट करायचे, या नियमानं त्या आईची फाइल बाईंनीच यंत्रात घातली आणि तुकड्यांची पिशवी बांधून खाली नेऊन ठेवली. ती इथं यायची, हे आता जगात एकट्या बाईंना माहीत आहे.

मागच्या महिन्यात एक मुलगी काउंटरपाशी आली. चोविशीची असेल. तिनं पिवळं पडलेलं कार्ड पुढे केलं. बारा तारखा, अकरांवर खूण, अक्षर बाईंचं.

"आईच्या पर्सच्या अस्तरात सापडलं," ती म्हणाली. "मी सात वर्षांची असताना ती गेली. आजारानं नाही, स्वतःहून गेली, हे मला आत्ता कळलं. घरचे म्हणतात, तिला कोणाची पडलीच नव्हती, बरं व्हायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ती इथं यायची का, एवढंच सांगा. मग मला तिच्यावर रागावणं थांबवता येईल."

'यायची' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता.

"कोण येतं, कोण यायचं, ते आम्हाला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"माणूस गेल्यावरसुद्धा?"

"तरीसुद्धा."

नियम तसा आहेच, बाई खोटं बोलल्या नाहीत. पण 'यायची' म्हटलं असतं तर मुलीनं पुढे विचारलं असतं, मग थांबली का? बाईंना धाक होता तो त्या प्रश्नाचा. नियम त्यांना त्या क्षणी आडोशासारखा मिळाला, आणि त्यांचं त्यांना हे कळत होतं. म्हणून तर त्यांना स्वतःची शिसारी आली.

मुलीनं कार्ड परत घेतलं. मग म्हणाली, "बरं. मला माझंही नाव नोंदवायचंय. झोप लागत नाही."

बाईंनी फॉर्म दिला. ती काउंटरवरच वाकून लिहू लागली. पाचव्या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं. 'कुटुंबात पूर्वी कोणी मानसिक त्रासासाठी उपचार घेतले आहेत का?'

"इथं काय लिहू?"

बाईंनी प्रश्न वाचला. पाठ असलेला प्रश्न त्यांनी पुन्हा वाचला.

"माहीत नसेल तर 'नाही' लिहितात," त्या म्हणाल्या.

मुलीनं 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.