लाटण्याच्या टोकाचं बूच

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गिझरला बूच मारलं ते. मी स्टुलावर चढलो होतो आणि तिनं खालून स्टूल धरलं होतं. दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. ती बॅटरी बरोबर माझ्या तोंडावर.

"अगं, गिझरवर पाड ना उजेड. माझं तोंड काय बघती?"

"चाळीस वर्सं बघितलं, आता काय नवं बघायचं त्यात," ती म्हणाली. "पडू नका फक्त. मला उचलायला जमायचं नाय."

गिझरच्या बुडाला, थंड पाणी आत जातं त्या पाइपावर एक पितळी व्हॉल्व्ह असतो. त्याला बारीक तोंड असतं, करंगळी जाणार नाय इतकं. पाणी तापलं की त्यातनं थेंब पडतात. आमच्याकडं आधी चार-दोन पडायचे. दिवाळीनंतर लईच पडायला लागले. तिनं खाली तांब्या ठेवला. तांब्या पुरेना, मग बादली ठेवली.

आमच्या पडेगावात नळ आठ दिवसांनी येतो, कधी नवव्या दिवशी. ज्यांच्याकडं रोज येतो त्यांना हे कळायचं नाय. नळाच्या दिवशी ती हौद, टाकी, पिंप, हंडे सगळं भरायची. शेवटी कुकरसुद्धा भरून झाकण लावून ठेवायची. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपड्याचं पाणी संडासाला. असल्या बाईच्या डोळ्यांपुढं त्या दिवशी बादली भरून वाहिली. टाकी तळाला गेलेली आणि नळाची पाळी अजून दोन दिवसांवर.

"बंद करा ते भोक," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

व्हॉल्व्हच्या तोंडात बसेल असं काय सापडेना. मग तिनंच मोडकं लाटणं आणून दिलं. मी त्याचं टोक कापलं, सुरीनं तासलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, ठोकून बसवलं आणि वरनं तार आवळली. थेंब थांबले. ती खालून बघत होती. म्हणाली, "आता कसं." लई दिवसांनी माझ्या कामावर खूश झाली होती.

खरं तर मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाय. गिझर ज्यानं बसवला तो प्लंबर मिस्त्री आमच्या मागच्या गल्लीतला. त्याला महिन्यापूर्वी विचारलं होतं. तो म्हणाला, "चाचा, टपकने देव उसको. वो टपकने के वास्तेच है. अंदर का जोर बाहेर निघतो तिथून. जास्त टपकायला लागलं तर मला बोलाव. थर्मोस्टॅट खराब झाला असंल, पाणी तापलं तरी गिझर बंद होत नसंल. टँकरचं पाणी खारं है, सगळं चुन्यानं जाम होतं."

जास्त टपकायला लागलं. मी त्याला बोलावलं नाय. म्हणलं, एका भोकासाठी माणूस कशाला.

आणि हेही लिहितो, कारण लपवून आता काय करायचंय. मी वाळूजला कंपनीत तीस वर्सं काढली. तिथं कॉम्प्रेसरला असाच व्हॉल्व्ह होता. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तो का असतो ते मला माहीत होतं. घरात आल्यावर माणूस तेवढाच अडाणी होतो का, ते मला सांगता येत नाय. घरातला गिझर म्हणजे मला कढईसारखा वाटायचा. मशीन वाटलाच नाय कधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. पहिली आंघोळ माझी असायची आणि माझी बादली तीच भरून द्यायची. गिझर लावून बराच वेळ झाला होता. ती न्हाणीतनं म्हणाली, "अवो, लाल दिवा अजून चालूच हाय. रोज तर एवढ्यात जातो."

मी चहा पीत होतो. म्हणलं, "थंडी हाय. तापू दे."

तिनं गरम पाण्याचा नळ फिरवला. गिझरखालचा पाइप फुटला तो आवाज मला पत्र्यावर दगड पडल्यासारखा आला. मग तिचा आवाज. न्हाणीत वाफेनं काय दिसत नव्हतं. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि माझ्या हातात तिची कातडी आली. याच्यापुढं त्याबद्दल लिहीत नाय.

शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. त्यांच्यातल्याच एकानं मागच्या गल्लीतल्या त्या मिस्त्रीला बोलावलं, कारण टाकीचं उरलंसुरलं पाणी न्हाणीत धो धो चाललं होतं. मी रिक्षात बसायला निघालो तवा तो न्हाणीतनं बाहेर आला. त्यानं माझा हात धरला, मुठीत काय तरी ठेवलं आणि माझी मूठ दोन्ही हातांनी दाबली. "रखो चाचा," एवढंच म्हणाला. ते बूच होतं, तारेसकट. त्यानं बघितलं, काढलं, आणि कुणाला दिसू दिलं नाय.

सरकारी दवाखान्यात ती पाच दिवस होती. भाजलेलं माणूस आलं की पोलीस जबाब घेतात. हवालदारानं विचारलं, कुणावर संशय हाय का, घरात काय भांडण? ती म्हणाली, "गिझर फुटला. कुणाचा दोष नाय."

हवालदार गेल्यावर मला जवळ बोलावलं. तोंड सुजलेलं, बोलताना ओठ हलत नव्हते.

"पोराला सांगू नका."

"काय?"

"बुचाचं. तो तुम्हाला आयुष्यभर बोलंल. मी नसंल मधी पडायला."

"गप बस. तू घरी येणार हाय."

"व्हय," ती म्हणाली. "नळ आला का?"

नळ आदल्या दिवशी येऊन गेला होता. मी दवाखान्यात होतो, भरायला कुणी नव्हतं. मी म्हणलं, "आला. सगळं भरलं." चाळीस वर्सांत मी तिच्याशी थोडंच खोटं बोललो असंल, त्यातलं हे शेवटचं. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली.

पोरगा पुण्याहून पहिल्याच दिवशी आला होता. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं की मिस्त्रीनं काम कच्चं केलं. मी ऐकून घेत होतो. मला वाटलं, दुःखात बोलतोय, निवंल.

स्मशानात मिस्त्री आला होता. गेटजवळ, चप्पल काढून, डोक्याला रुमाल बांधून उभा. अग्नी दिला आणि पोराचं त्याच्याकडं लक्ष गेलं. पोरगा सगळ्यांदेखत त्याच्या अंगावर धावला.

"माझी आई मारून इथं बघायला आला का? उद्या तक्रार करतो तुझ्यावर. पडेगावात तुला कुणी नळ बसवू देणार नाय!"

पावण्यांतलंही कुणी तरी म्हणालं, हाकला त्याला. मिस्त्रीनं मान खाली घातली. मग एकदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मी चितेकडं बघत राहिलो. त्यानं चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी गेटाबाहेर गेला.

घरी आल्यावर मी खिशात हात घातला तर बूच होतं. पाच दिवस त्याच पँटीत होतं. तिचा शब्द होता, सांगू नका. आणि तिकडं त्या माणसाचं पोट ज्याच्यावर चालतं ते त्याचं नाव होतं. दोन्ही एकदम राखता येत नव्हती. मी लई बघितलं, कसंच राखता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जायचं होतं. पावणे अंगणात जमले होते. पोरगा तक्रारीचा कागद लिहून तयार होता, एकाला वाचून दाखवत होता. त्यानं चारचौघांत शिव्या दिल्या होत्या, म्हणून मीही चारचौघांतच उभा राहिलो. बूच काढून त्याच्या कागदावर ठेवलं.

"हे काय?" पोरगा म्हणाला.

"तुझ्या आईचं लाटणं. गिझरच्या व्हॉल्व्हमधी मी ठोकलं. मिस्त्री नको म्हणला होता. पाणी वाया जातं म्हणून मी ठोकलं."

पोरानं बूच उचललं, ट्यूबचा तुकडा नखानं उलगडून बघितला, पुन्हा गुंडाळला. माझ्याकडं बघितलं नाय. आजही नीट बघत नाय.

मी चपला घातल्या आणि म्हणलं, "गाडी काढ. आधी मिस्त्रीच्या घरी जाऊ. मग राखेला."

त्यानं गाडी काढली नाय. मी चालत गेलो.