फुटलेल्या बाटलीचा मान

घरी बिअर बनवायचं जुनं सामान विकत घ्यायला हिल्सबरो उपनगरात गेलो, तेव्हा ते गृहस्थ एकदाच भेटले. सत्तरीचे, पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, बोलणं पक्कं पुणेरी. प्रत्येक बाटली उजेडात धरून, पुसून माझ्या हातात देत होते. गॅरेजच्या भिंतीवर हाताने रंगवलेल्या पाट्या होत्या: ‘तहानलेला जावई’, ‘बायको माहेरी’, ‘डॉक्टरांना सांगू नका’.

“आम्ही चौघं मित्र. गॅस जास्त होऊन ज्याची बाटली फुटेल, त्यानं या गॅरेजातल्या आमच्या पबचं नवं नाव ठेवायचं.”

“आता फुटत नाहीत का, काका?”

“फुटतात की! पण तीन वर्षं बाटलीही माझीच नि नाव ठेवणाराही मी एकटाच.”

सामान दिलं, पाट्या मात्र ठेवून घेतल्या.

परवा माझी पहिली बाटली फुटली. जमीन पुसतानाच नाव सुचलं. ते सांगायला फोन कुणाला करावा, हे मात्र सुचेना.