डोमाजी मिस्त्रीचा जड हात

परवा जाईबाईच्या मयतीला बसलो होतो, तिथंही एकानं तो जुना विनोद काढलाच. "बाई सरळ होती हो, नवरा मात्र रंधा मिस्त्री." मी त्याची गचांडी धरणार होतो. प्रेत घरात होतं म्हणून गप्प बसलो. पण डोमाजी दोन वर्षांपूर्वी गेला, आता त्याची बायकोही गेली. ज्यांच्यासाठी मी तोंड शिवून घेतलं होतं ते दोघंही नाहीत. तेव्हा आता ऐकाच.

डोमाजी खंडारे आमच्या वस्तीतला. अमरावतीला राजापेठेतल्या एका गॅरेजात पाने उचलून देता देता शिकला. स्वभावानं तिखट. गाडीची तक्रार सांगणाऱ्या मालकालाच म्हणायचा, "तुमी बोलू नका, गाडीले बोलू द्या." असा माणूस कुठं टिकणार? वस्तीत परत आला.

छप्पनला आम्ही बौद्ध झालो. मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणून सांगितलं, तर गावानं आम्हाला शेतातली कामं देणं बंद केलं. हात पसरायचे नव्हते. मी पुढं होऊन मजुरांची सोसायटी काढली आणि लिलावात निघालेला लढाईतला एक ट्रक घेतला. चारही चाकं ओढणारा. चिखलातून रेड्यासारखा निघायचा, पण इंजिन पार थकलेलं. एकोणसाठ साली चिखलदऱ्याकडं रस्त्याचं काम निघालं. ठेकेदार म्हणाला, गिट्टीनं भरलेला ट्रक एकदा घाट चढवून दाखवा, वर्षभराची वाहतूक तुमची. म्हणजे वस्तीतल्या साऱ्या बायामाणसांना भरायचं-उतरवायचं काम, गावाच्या तोंडाकडं न बघता. आणि आमचा ट्रक परतवाड्यापुढच्या पहिल्या चढावर रिकामाच धापा टाकत होता.

नवं इंजिन आणायची ऐपत नव्हती. आहे त्यातूनच जोर काढायचा, असं डोमाजीनं ठरवलं. व्हॉल्व्ह घासून बसवले. धुराचा नळ काजळीनं अर्धा बुजला होता, तो फेकून पाण्याचा जुना पाइप सरळ जोडला. मग इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते पोत्यात बांधून अकोल्याला नेलं. तिथं कापसाच्या एका जिनिंगमधला फिटर त्याच्या ओळखीचा. त्याच्या मशीनवर हेडची खालची बाजू कातून घेतली. हेड पातळ झालं की आतली जागा आवळते, पेट्रोल जास्त दाबाखाली पेटतं, गाडी जोर धरते.

"किती कातलं?" मी विचारलं.

"पायजे तितकं. पुढारी, तू भाषणं कर, इकडं नको पाहू."

गिट्टी भरून ट्रक गावाबाहेरच्या टेकाडावर नेला, तर तो न कुरकुरता चढला. त्या दिवशी जाईबाईनं साऱ्या वस्तीला गूळ वाटला.

"एकच हाये," डोमाजी मला बाजूला घेऊन म्हणाला. "आता हिले निखळ पेट्रोल लागन. घासलेट पाजलं तं आतून ठोकन आन् पिस्टन फुटन."

तोवर आम्ही पेट्रोलमध्ये घासलेट मिसळूनच ट्रक चालवत होतो. स्वस्त पडायचं, आणि थकलेलं इंजिन ते पचवायचं. बाटल्या भरून आणायचं काम जाईबाईकडंच असे. आता ते चालणार नाही, हे डोमाजीनं मला सांगितलं, तिला सांगितलं नाही. गाडीतलं बायांना काय सांगायचं? होता तो असा.

चाचणीच्या सकाळी आठ जण गिट्टीवर चढून बसले, बॉनेटला निळा झेंडा बांधला. बाया गोळा झाल्या. जाईबाई पुढं आली.

"टाकी काठोकाठ भरली आमी. घरोघरची एकेक बाटली. काल कोणाच्याच घरी दिवा लागला नाही."

डोमाजीनं टाकीचं झाकण उघडलं. घासलेटाचा वास माझ्याही नाकात गेला. त्यानं झाकण लावलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "चांगलं केलं."

कोणाला चांगलं म्हणताना मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

डोमाजीनं ट्रक हलवला, तसा त्याच्या शेजारी बसलेला मी भडकलो. "परतवाड्याले पंप हाये. हे ओतून टाक, मी पेट्रोल उधार आणतो."

"वर कोण बसलं हाये?"

"आपलेच."

"त्याइच्या बायकाइनं अंधारात भाकरी थापल्या. त्याइच्या डोयासमोर नालीत ओतू? आन् काय सांगू?"

"खरं सांग."

"तू तोंड बंद ठेव, पुढारी."

वाटेतच इंजिन आतून ठोकायला लागलं. परतवाड्याला थांबून त्यानं ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. ठोकणं थांबलं, पण आणलेला सगळा जोरही गेला. अर्ध्या घाटात ट्रक अडला. पोरं उड्या मारून उतरली, चाकांमागं दगड लावले. वरच्या वळणावर ठेकेदार जीपला टेकून बघत उभा होता. डोमाजीनं बॉनेट उघडलं आणि ठिणगी पुन्हा पहिल्यासारखी केली.

"आता?" मी विचारलं.

"आता ठोकन. वर पोचेपर्यंत टिकली तं आपली."

चढली हो. आतून लोहाराचा घण पडावा तसा आवाज येत होता, आणि तरी चढत होती. ठेकेदाराच्या शर्टाची बटणं दिसायला लागली, एवढं जवळ आलो. मग आत काहीतरी फुटलं, निळसर धूर निघाला आणि सगळं थांबलं. ठेकेदारानं हात झटकला आणि जीपमध्ये बसला. काम दुसऱ्याला गेलं.

संध्याकाळी वस्ती गोळा झाली. जाईबाईनं विचारलं, "काहून बंद पडली?"

मी तोंड उघडलं. डोमाजीनं तेलकट हातानं माझा दंड दाबला, आणि म्हणाला, "हेड जास्त कातलं मी. हात जड पडला माहा."

सोसायटी मोडली. निम्मी वस्ती पोटासाठी अकोल्याला, मूर्तिजापूरला गेली. जाणाऱ्यानं जाताना त्याला शिवी द्यावी, राहिलेल्यानं, लोखंडाला सुताराचा रंधा मारणारा म्हणून, रंधा मिस्त्री म्हणावं. पुन्हा कोणी त्याच्याकडं गाडी दिली नाही. मालकाचा एक शब्द न सोसणारा हा माणूस अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी ओढायला लागला आणि मरेपर्यंत आठ वर्षं सगळं ऐकत राहिला. भाजीत मीठ जास्त पडलं की जाईबाई म्हणायची, "तुमचाच हात लागला मले." तो तीच भाजी पुन्हा वाढून घ्यायचा.

तो गेला तेव्हा मी अकोल्याला गेलो. जाईबाई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली.

"माणूस वाईट नव्हता, भाऊ. तेवढं हेड कातलं नसतं, तं आज आपली वस्ती उठली नसती."

माझ्या नाकात तोच घासलेटाचा वास भरला.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "हात जडच होता त्याचा."