आयाळ कापलेला घोडा
दसऱ्याला भिंतीवरचा फोटो पुसायला उतरवला, की त्यातला घोडा पाहून माझं डोकं आजही तापतं. आमचे हे रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. बंगळूरच्या छावणीतून दोन महिन्यांनी म्हैसूरला परतले आणि थोड्याच दिवसांत मला जांघेत भयंकर खाज सुटली. सासूबाईंनी मला घाणेरडी ठरवून माझं अंथरूण वेगळं केलं. गावातल्याच नजरबाद मोहल्ल्यातून सुईण आली, तिने उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "डोक्यातली ऊ लांबट असते. ही बघ, खेकड्यासारखी चपटी. अंगाला अंग लागून येते. दोघांनीही केस काढा, गंधक घातलेलं खोबरेल चोळा, कपडे उकळा, आणि लिखा फुटतात म्हणून आठ दिवसांनी परत करा." हे लगेच म्हणाले, "घोड्याची लागली असेल." घोड्याची ऊ माणसावर जगत नाही, हे पागेत जन्म घालवलेल्या मामंजींना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनीच कात्री घेऊन त्या मुक्या जनावराची आयाळ कापली आणि त्याला गंधक फासलं. मी तोंड उघडलं तर सासूबाई कानडीत दटावून म्हणाल्या, "सुम्ने बस गं, गप्प!" औषध मी एकटीनेच केलं, म्हणून महिन्याभरात सगळं परत आलं. तेव्हा मात्र वस्तरा यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, घोड्याचं झालं, आता तुमचं. निमूट न्हाणीत गेले. त्याच वर्षीच्या दसऱ्याला हा फोटो निघाला. काल नातसुनेने विचारलं, "आजी, या घोड्याला आयाळ कशी नाही?" मी म्हटलं, "तुझ्या आजेसासऱ्यांना उवा झाल्या होत्या."