ट्रंक कॉलवरचा मोडेम

विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली आणि त्या आठवड्यात एस.टी. बंद पडली. मी पालमला मामांकडे अडकलो. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरीसाठी लिहिलेला माझा प्रोग्रॅम शुक्रवारी पाचच्या आत तिथे पोचायला हवा होता. फ्लॉपी घेऊन मीच जाणार होतो. आता भिस्त फक्त फोनवरून फाईल पाठवणाऱ्या मोडेमवर.

कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स तेव्हा इतकं नवं, की विचारायला तालुक्यात सोडा, जिल्ह्यातही कुणी नव्हतं. मित्राने दिलेल्या फ्लॉप्यांवरून ते मामांच्या कॉम्प्युटरवर चढवलं होतं, पण मोडेमचं कार्ड दोन दिवस मुकं. शुक्रवारी दुपारी डोक्यात प्रकाश पडला. माऊस आणि मोडेम एकाच वाटेसाठी भांडत होते. माऊस उपटून फेकला. पडद्यावर मोडेमचं 'ओके' उमटलं आणि मी ओरडलोच. आमच्या वस्तीत त्या दिवसांत आनंद होता तशी धास्तीही होती. दाराला कडी लावून बसलेले मामा दचकून उठले.

पालमहून पुण्याला थेट नंबर फिरवता येत नसे. एक्स्चेंजमधली ऑपरेटर ट्रंक कॉल जोडून द्यायची. तिने जोडला. पुण्यात त्या संस्थेत बसलेल्या मित्राच्या मोडेमने किंकाळी फोडली, माझ्या मोडेमने उत्तर दिलं, फाईल सरकू लागली. आणि लाईन तुटली. पुन्हा जोडला, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा साडेचार वाजले होते. माझं टाळकंच सरकलं. रिसीव्हर उचलून तिच्यावर खेकसलो, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"भाऊ, तीन मिनटं झाले की कॉल वाढवू का म्हणून इचारावं लागतंय," ती घसा बसलेल्या आवाजात म्हणाली. "इचारायला गेले तर निस्तं किंचाळायलंय. लाईन खराब हाय म्हणून तोडायलेय, चांगली देते म्हणून."

बिचारी माझं भलंच करत होती! ते किंचाळणं म्हणजेच माझं बोलणं आहे, मधे एक शब्द आला तरी सगळं पहिल्यापासून, आणि पाच वाजले की माझी नोकरी गेली, हे सगळं मी एका दमात सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं.

"बरं," एवढंच म्हणाली.

चौथ्यांदा जोडला. तीन मिनिटं झाली. फाईल सरकत राहिली. सहा झाली. डोळे घड्याळावर. पाचला सात मिनिटं कमी असताना पडद्यावर शेवटचा आकडा आला.

जरा वेळाने रिसीव्हर उचलला.

"पोचलं का भाऊ?"

"पोचलं. तुम्ही लाईनवरच होतात?"

"दुसरं कुणी मधी घुसू नये म्हणून बसले. दोन दिवसांपासून लय सर्दी हाय, पण खोकलेबी न्हाई."

मला फार लाज वाटली. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडे तिला खोकल्याची उबळ आली. किती तरी वेळ ती थांबेना.